खेळून राह्यलं कोण?

सेमीफायनलचा शेवटचा चेंडू पांढऱ्याला जाऊन टेकला आणि मी एवढ्या जोरात ओरडले की माझी व्हीलचेअर हलली. यवतमाळच्या त्या हॉलमध्ये वर गॅलरीत बसलेल्या आईनं हातातला डबाच उंचावून हलवला. निवड झाली होती! या स्पर्धेतून दोघी राज्याच्या शिबिराला जाणार होत्या आणि त्यातली एक मी, पुसदची आभा.

आमचा खेळ बोचिया. आधी पांढरा चेंडू मैदानात सोडायचा. मग एकीचे सहा लाल, दुसरीचे सहा निळे. जिचे चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, तिला गुण. असे चार डाव. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हात माझं ऐकत नाहीत आणि जीभही शब्द तोलून तोलून देते. म्हणून माझा चेंडू रॅम्पवरून, म्हणजे एका लांब घसरगुंडीवरून जातो. रॅम्प कुठं वळवायचा, चेंडू किती उंचावर ठेवायचा ते मी सांगायचं, सहाय्यकानं तेवढंच करायचं आणि डोक्याला बांधलेल्या दांडीनं चेंडू मी सोडायचा. सहाय्यकाला नियम कडक. त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही.

माझे सहाय्यक माझे बाबा, मधुसूदन. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी माझा पहिला रॅम्प स्वतः बनवला होता, प्लास्टिकचा पाइप उभा चिरून, आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडवर बसवून. सरावाला शंकरसिंगकाकांचं मंगल कार्यालय. लग्नसराईत सराव बंद, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेलं की फरशीवर अक्षता. तांदळाचा एक दाणा चेंडूखाली आला की चेंडू भलतीकडंच जायचा. आधी बाबा गुडघ्यांवर बसून सगळी फरशी झाडायचे, मग आमचा खेळ.

सेमीफायनलमध्ये मात्र बाबांना राहवलं नाही. तिसऱ्या डावात त्यांनी मान वळवून बघितलं. पंचांनी लगेच हात वर केला आणि समोरच्या मुलीला एक जादा चेंडू मिळाला. तरी आम्ही जिंकलो, म्हणून मी ते विसरायच्या बेतात होते.

बाहेर व्हरांड्यात प्रभावतीताई भेटल्या. वणीच्या. चाळिशीच्या असतील, मानेखालचं शरीर हलत नाही, तोंडात काडी धरून चेंडू सोडतात. परदेशात खेळून आलेल्या. दुपारी फायनल त्यांच्याशीच होती.

"आभा, मस्त खेळली. एक विचारू? राग नको मानू."

"वि...चारा."

"मी पूर्ण गेम पाह्यला तुमचा. पण तुमच्यात खेळून कोण राह्यलं, हे मले नाही समजलं."

बाबा हसले. "आम्ही दोघं! टीम आहे आमची, मॅडम."

"टीम तर माझीबी आहे, सर," ताईंनी मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं, राजकुमारदादांकडं, मान वळवली. "माझा रॅम्प हेच सांभाळतात. पण डाव मी जिंकली का हरली, हे यायले माझ्या तोंडाकडं पाहूनच समजते."

राजकुमारदादा नुसते हसले आणि ताईंची खुर्ची ढकलत निघून गेले.

मला आठवलं, शेवटच्या डावात मी म्हणाले होते, "डावीकडं." बाबांनी रॅम्प डावीकडं वळवला आणि मग आपल्या अंदाजानं आणखी जरासा सरकवला. पंचांच्या लक्षात आलं नाही. चेंडू बरोबर लागला. मी तिथंच त्यांना थांबवायला हवं होतं, पण मी नुसती ओरडले, आनंदानं. तो शॉट माझा नव्हताच.

जेवताना मी सांगून टाकलं. "बाबा, फायनलला... सुरभी बसंल."

सुरभी माझी चुलत बहीण, महागावजवळच्या आमच्या शेतावर राहते. राखीव सहाय्यक म्हणून तिचं नाव दिलं होतं, बाबांची कंबर धरली तर असू द्यावी म्हणून. तिनं घास तोंडापाशीच थांबवला.

"काहून?" बाबा म्हणाले. "वळलो एकदा. चुकलं. आता नाही वळत."

"वळण्याचं... नाही..."

"मग काय, रॅम्पचं? उंची कमी पडली? की..."

"तिले बोलू द्या ना जी," आई म्हणाली.

मला वेळ लागला. "तुम्ही... माझ्यासाठी... खेळता. मले... स्वतः... खेळायचं आहे."

"अगं, निवड तर झाली! आता फायनलले कायले घोळ घालतं?"

"झाली... म्हणूनच. शिबिराला... कोण जाणार? मी... का तुम्ही?"

बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते चेंडूंची पिशवी घेऊन. ती सुरभीच्या हातात देत म्हणाले, "यातले मऊ चेंडू..." आणि थांबले. "जाऊ दे. तिलेच विचार." मग आईशेजारी जाऊन बसले.

"आभा, मले या खेळातलं ओ की ठो समजत नाही, आधीच सांगते," सुरभी म्हणाली.

"समजू... नको."

"मग जमते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना पप्पा मागून बोंबलतात, तशी तू बोंबल. मी फिरवते."

पहिला डाव वाईट गेला. सुरभी माझ्या प्रत्येक शब्दासाठी थांबायची. अर्ध्या शब्दावरून ओळखायची नाही, अंदाज बांधायची नाही. डावाला वेळ ठरलेला, आणि घड्याळ पळत होतं. माझे दोन चेंडू तर सुटलेच नाहीत आणि प्रभावतीताईंनी तीन गुण घेतले. मी घामाघूम. वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाबांना बोलावून घेतलं असतं.

दोन डावांच्या मध्ये मी सुरभीला जवळ बोलावलं. लांब शब्द टाकून द्यायचे. डावीकडंला 'डा', उजवीकडंला 'उ', चेंडू वर चढवायला 'वर', आणि 'बस'. चारच. तिनं ते एकदा पुटपुटून पाहिले आणि मैदानाकडं पाठ करून बसली.

"डा. डा. बस. वर. बस." मान झुकवली, चेंडू सुटला. माझा निळा सरळ पांढऱ्याला चिकटला! मग दुसरा. दोन गुण! सगळं अंग उकळत होतं. मैदानाची प्रत्येक रेघ मला स्वच्छ दिसत होती. तिसऱ्या डावात आणखी एक गुण, आणि आम्ही तीन-तीन. हॉलमधल्या बाकीच्या मॅच सोडून लोक आमच्याकडं सरकले.

चौथ्या डावात ताईंचे सहाही चेंडू संपले आणि त्यांचा एक लाल पांढऱ्याला टेकून बसला. माझे दोन निळे डावीकडं, हातभर दूर. माझ्याकडं एकच चेंडू, सगळ्यात टणक. हळूच शेजारी नेऊन ठेवण्यात अर्थ नव्हता. टेकलेल्यापेक्षा जवळ कोण जाणार? पांढराच उडवायचा, माझ्या निळ्यांकडं. बाबांनी हा शॉट कधीच खेळू दिला नव्हता. "हातचं जाईल," म्हणायचे.

"वर," मी म्हणाले. "वर. वर."

सुरभीनं चेंडू अगदी टोकाला नेला.

"उ. बस." नाही, जास्त झालं. "डा. बस!"

मान झुकवली. चेंडू सणाणत गेला आणि पांढऱ्यावर असा आदळला की खटकन आवाज घुमला. पांढरा डावीकडं सुटला, माझ्या निळ्याकडं, अजून जवळ, अजून जवळ! हॉल उभा राहिला. सुरभीच्या पाठीचा धनुष्यासारखा ताण झाला होता, पण ती वळली नाही. पांढरा निळ्यावर आपटला आणि परत मागं सरकला. त्याच धक्क्यात ताईंचा लालही घरंगळत तिकडं पोचला होता.

पंच वाकले. मोजलं. परत मोजलं. मग लाल रंगाची पाटी वर केली. एका बोटाच्या अंतरानं. चार-तीन.

मी हरले आणि हसत सुटले. थांबताच येईना. सुरभी घाबरून वळली, "काय झालं व? जिंकलो काय?"

"हरलो! उ... जास्त झाला. माझा... उ!"

प्रभावतीताईंनी खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवली. "पोरी, तो शॉट लागला असता तर मी आज रडत वणीले गेली असती. शिबिरात मले शिकव तो."

"आत्ता," मी म्हणाले.

बक्षीस समारंभानंतर हॉल रिकामा झाला. चौकीदार किल्ल्या वाजवत दारात उभा होता. ताईंनी त्याला गोड बोलून थांबवलं. बाबा खाली उतरले, मैदानाच्या पार टोकाला गेले, पांढरा, लाल आणि माझे दोन निळे पुन्हा तसेच मांडले आणि माझ्याकडं तोंड करून मांडी घालून बसले.

पहिला चेंडू चुकला. त्यांनी तो उचलून सुरभीकडं घरंगळत सोडला. दुसराही चुकला.

"डा," मी म्हणाले. "अजून... थोडं. बस."