सुखरामची गाडी

चैतरामने गाडीखाली स्टीलची वाटी सरकवली आणि पोटावर आडवा होऊन तो थेंब पडायची वाट पाहू लागला. एक पडला. दुसरा पडेपर्यंत त्याने मनात सातपर्यंत आकडे मोजले. तिसऱ्या थेंबाला त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका. स्वतःची गाडी गळते म्हणून एवढा खूश झालेला माणूस केशोरीत त्याच्याआधी कोणी पाहिला नसेल.

"इकडं ये, इकडं!" तो गाडीखालूनच ओरडला. "पाहा, पोरगा नापास!"

चुलीवरचा भात तसाच टाकून सुमित्राबाई पदराला हात पुसत अंगणात आली.

"कोणता पोरगा? अन् हा वास कायचा येऊन राहिला?"

"पेट्रोलचा. तुह्या होणाऱ्या जवायाच्या हातचा."

सुमित्राबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. मग जे बाहेर आलं ते ऐकून तिने कपाळावर हात मारला. हर्षासाठी कोहमाऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव गजेंद्र, हायवेला लागून स्वतःचं गॅरेज. मध्यस्थ बिसरामच्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा चैतराम धान खरेदी केंद्रावर नंबर लावून बसला होता. त्यामुळे मुलाने सासरा पाहिला नव्हता आणि सासऱ्याने मुलगा. हर्षाने त्याच संध्याकाळी होकार दिला, सुमित्राबाईने तर मनातल्या मनात साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पाहुण्यांची यादीही केली. अडलं ते चैतरामपाशी. आज दुपारी बिसरामचा फोन यायचा होता आणि काय ते हो किंवा नाही सांगायचं होतं.

म्हणून चैतरामने काल एक शक्कल लढवली. अर्जुनीला काम आहे असं घरी सांगून त्याने गाडी थेट कोहमाऱ्याला नेली, गॅरेजमध्ये आपलं नाव सुखराम सांगितलं, पेट्रोलचा फिल्टर बदलायला लावला आणि तासभर खुर्चीवर बसून मुलाला निरखून पाहिलं. वाईट असं काही दिसलं नाही. परत येताना त्याच गोष्टीचा त्याला राग येत होता.

"म्हंजे पोराले पाहाले गेले अन् धड गाडी बिघडवून आणली," सुमित्राबाई म्हणाली.

"मी बिघडवली का त्यानं? ज्याले एक पाइप कसता येत नाही, तो माह्या पोरीले काय सांभाळंल?"

खरं सांगायचं तर पोरीला द्यायचंच त्याच्या जिवावर आलं होतं. हर्षा अर्जुनीच्या सेतू केंद्रात काम करायची, संध्याकाळी स्कूटी अंगणात लावून आधी बापालाच हाक मारायची. ती हाक बंद होणार, हे कोणाला सांगता येत नव्हतं. म्हणून चैतराम वर्षभर प्रत्येक स्थळात खोट काढत होता. एक मुलगा फार बुटका निघाला, एकाचं घर नदीच्या फार जवळ. आता तर हातात पुरावाच होता, वाटीत थेंबाथेंबाने साचणारा.

हर्षा केस पुसत बाहेर आली तेव्हा तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. मग एकदम तिने विचारलं,

"बाबा, हेच गाडी घेऊन गेले होते?"

"मंग काय बैलबंडी नेऊ फिल्टर बदलाले?"

हर्षा गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने चैतरामने पाहिलं तर तिने ओढणी तोंडाला लावली होती आणि खांदे हलत होते. आपण पोरीला रडवलं असं वाटून तो घाईने तिच्याजवळ गेला, तर ती हसत होती. काय झालं विचारलं, तर सांगेना.

"चूक झाली, ते तुमी पाहिली," डोळे पुसून ती म्हणाली. "चूक झाल्यावर माणूस काय करते, तेबी पाहा ना. अर्धाच पेपर तपासून कोणी नापास करते का जी?"

चैतरामने गॅरेजचा नंबर लावला आणि आवाज जाड केला.

"मी सुखराम बोलून राहिलो. काल फिल्टर बदलला होता ना? गाडी गळून राहिली."

पलीकडे आधी हातोडीचा आवाज होता, तो थांबला.

"चालू करू नका काका. चाबी काढून घ्या. जवळ चूल पेटली हाय का? तणीस हाय का?"

चैतरामने मागे पाहिलं. मळणीनंतर रचलेला तणसाचा ढीग गाडीपासून चार हातांवर होता आणि पडवीतल्या चुलीवर भात रटरटत होता.

"हाय."

"गाडी न्युट्रल करून लांब ढकला. खाली माती टाका. अन् तोंडातली बिडी आधी फेका."

चैतरामने तोंडातली बिडी काढून पाहिली. पेटवलेली नव्हती, पण हे पोराला कसं कळलं, याचं त्याला नवल वाटलं. मग आठवलं की काल त्याच्यासमोर चार ओढल्या होत्या.

"गाव कोणतं?"

काल चैतरामने साकोली सांगितलं होतं. आता साकोली म्हणावं तर मुलगा साकोलीला जाऊन बसणार. त्याने आवंढा गिळला.

"केशोरी."

"येतो. तासाभरात पोचतो. तोवर गाडीले कोणी हात लावू नका."

तिघांनी मिळून गाडी ढकलली. बापलेक मागून, सुमित्राबाई एका हाताने स्टिअरिंग धरून बाजूने. वाटेत तुळशीवृंदावन आलं तेव्हा ती एवढ्याने ओरडली की शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली. गाडी चिंचेखाली थांबली. हर्षाने घमेल्याने माती टाकली. दम खात सुमित्राबाई म्हणाली,

"त्यानं एक गोष्ट नाही विचारली."

"कोणती?"

"घर कोणाचं ते."

चैतरामला घाम फुटला तो गाडी ढकलल्याचाच असं त्याने स्वतःला समजावलं. गावात सुखराम नावाचं कोणी नव्हतं. मुलगा चौकात विचारत बसला तर झाकली मूठ तिथेच उघडी पडायची. आपणच चौकात जाऊन त्याला गाठावं म्हणून वेळ होताच तो निघाला. चपलेत पाय घालतो न घालतो तोच फटफटी थेट दारात येऊन थांबली.

गजेंद्र उतरला, खांद्यावरची पिशवी सावरली, सुमित्राबाईला नमस्कार केला. हर्षा दारामागे होती तिकडे त्याने पाहिलं नाही. न पाहण्यासाठी मात्र त्याला बरीच खटपट करावी लागली.

"सुखरामकाका, एखादं पोतं द्या अंथराले," तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला.

सुमित्राबाई तोंडाला पदर लावून आत गेली. चैतरामने स्वतः पोतं आणलं.

गजेंद्र गाडीखाली शिरला. बाहेर त्याचे बूट तेवढे दिसत होते. चैतराम चाकाजवळ उकिडवा बसला, काल खुर्चीवर बसला होता तसाच डोळे बारीक करून.

"सापडलं," खालून आवाज आला. "पाइपाले दोन क्लिपा असतात. एक कसली हाय, दुसरी नुसती चढवून ठेवली. वरून पाइपबी जुना, टोकाले चिरला. तोबी कालच बदलाले पायजे होता."

चैतरामने जाळं टाकलं.

"नोकरानं केलं असंल."

"नाही जी. नोकर हवाचा दाब पाहाते फक्त. हे माह्याच हातचं हाय."

"पेट्रोल पंपवाल्यानं पाइप हलवला असंल, वाटंत खड्डे हायेत..."

"खड्ड्यानं क्लिप सुटत नाही, काका. कसलीच नव्हती तं सुटंल काय?"

पळवाटा दाखवून चैतराम दमला, पळणारा जागचा हलत नव्हता. मुलाने जुना पाइप कापून बाहेर फेकला, पिशवीतून नवा काढला. तोंडाला, डोळ्यांना पेट्रोल लागलं तरी बाहीने पुसून काम चालूच. चैतरामला आता एक प्रश्न खरंच पडला होता.

"मंग क्लिप ढिली राहिली कशी?"

बूट एकमेकांवर घासले.

"काल एक क्लिप कसली. दुसरी कसाले पाना लावला अन् तुमी विचारलं, 'घरी कोण कोण असते?' मी सांगितलं. पुन्हा पाना लावला, तं तुमी म्हणाले, 'दारूबिरू घेते का?' आता फिल्टर बदलाले आलेलं गिऱ्हाईक असं कायले विचारंल, मामाजी? मले घाम फुटला. पाना ठेवून देल्ला अन् तुमच्यासाठी चहा सांगाले पळालो. ते क्लिप तशीच राहिली."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. बूट एकदम स्थिर झाले. इकडे सासऱ्यालाच मामाजी म्हणतात. गिऱ्हाइकाला कोणी चुकूनही म्हणत नाही.

"तुले कालच कसं कळलं?" चैतरामने विचारलं.

"गाडीच्या मागं लिहिलं हाय ना जी."

चैतराम उठला, गुडघे झटकले आणि गाडीच्या मागे गेला. मागच्या काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल रेडियमच्या अक्षरांत त्याच्या लेकीचं नाव होतं. हर्षा. खाली बारीक अक्षरांत केशोरी, दोन्ही बाजूंना एकेक कमळ. आठ वर्षांपूर्वी गाडी घेतली त्या दिवशी गोंदियाला दुकानासमोर उभं राहून त्यानेच ती अक्षरं चिकटवून घेतली होती, आणि लहान दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडून मोठी करवली होती. वेश बदलून निघालेल्या राजाने मुकुट डोक्यावरच ठेवावा, तसं झालं होतं.

दारात हर्षा उभी होती. दोघांची नजर भेटली. चैतरामने तोंड गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला, पण ओठ काही ऐकेनात. तो हसला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. डोळ्यांत पाणी आलं ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

गाडीखालून दुसरी क्लिप कसल्याचा आवाज आला.

"मामा... काका," गजेंद्र म्हणाला, "जरा हात घालून तुमीबी पाहा. माह्या एकट्याच्या हातावर आता भरोसा नाही."

चैतराम पोटावर आडवा झाला, पाइपावरून बोट फिरवलं, दोन्ही क्लिपा चाचपल्या. मग गाडीखाली कोरा कागद पसरून सगळे त्याच्याकडे पाहत बसले. दहा मिनिटं झाली. चिंचेचं एक वाळकं पान कागदावर पडलं, तेवढंच.

चैतरामच्या खिशात फोन वाजला. बिसराम. त्याने नाव पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला.

सुमित्राबाईने साबण आणला, मगाने पाणी घातलं. गजेंद्रने हात धुतले, वास जाईना म्हणून मातीने चोळून पुन्हा धुतले आणि पिशवी उचलली.

"चालतो मी. उद्या एक बार फोन करून सांगा, गळते का ते."

"थांबा," चैतराम म्हणाला.

सकाळपासून त्या मुलाला तो अरे-तुरे करत होता. तो घरात गेला आणि पितळेचा गडवा पाण्याने काठोकाठ भरून घेऊन आला. मिस्त्र्याला हात धुवायला पाणी देतात, ते तर झालंच होतं. भरलेला गडवा देतात तो दारी आलेल्या सोयऱ्याला.

"हे घ्या. पाय धुवा."

फोन पुन्हा वाजू लागला. गजेंद्रने गडव्याकडे पाहिलं, मग दाराकडे, तिथे आता कोणी नव्हतं, फक्त आतून भांडं पडल्याचा आवाज आला. तो बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला. घाईत त्याने नाडीचं भलतंच टोक ओढलं आणि गाठ आणखीच आवळली.