पिवळ्या टोप्यांची इमारत

ओट्यावरून स्टीलची वाटी पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिली. थांब गं बाई, थांब, असं मी मनातल्या मनात त्या वाटीला विनवत होते. ती थांबली तोवर यशू डोळे चोळत दारात उभी.

"आई, झोप झाली."

म्हणजे माझं ऑफिस सुटलं. नवरा, सिद्धेश, सेकंड शिफ्टला गेला आणि ही झोपली की लॅपटॉप उघडायचा, ही उठली की मिटायचा, असा माझा कारभार. यशू झाल्यानंतर पहिल्यांदाच मला आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं. कुरुळीच्या दौलतरावांच्या जागेवर स्टार्टअपवाल्यांसाठी इमारत. मिळालं होतं म्हणजे जवळजवळच. आजचं ड्रॉइंग त्यांना पटलं नाही, तर तिथं पत्र्याचं गोडाऊन होणार होतं, आणि गोडाऊनला माझी काही गरज नव्हती.

यशूला सांभाळणाऱ्या शेजारच्या शालनबाई नेमक्या गावाला गेलेल्या. मग तिला स्कूटीवर पुढे उभी केली, ड्रॉइंगची गुंडाळी पाठीला अडकवली आणि निघालो मायलेकी मोशीहून.

खरं सांगते, त्या इमारतीच्या मी प्रेमातच होते. स्टार्टअप म्हणजे आज दोन पोरं नि एक टेबल. वर्षाने वीस जण, त्यापुढच्या वर्षी कदाचित कुणीच नाही. त्यांना विटांच्या भिंतीत कसं कोंडायचं? म्हणून आतल्या भिंती सगळ्या नटबोल्टच्या, हव्या तिथं सरकवायच्या. पाया इतका भक्कम, की आज दोन मजले बांधा आणि भाडेकरू वाढले की वर आणखी दोन चढवा, खालच्यांचं काम न थांबवता. वरच्या खांबांसाठीचे जोड मी गच्चीच्या कठड्याआड असे काही लपवले होते, की कुणाला पत्ता लागू नये. त्या सफाईचं तर मला फारच कौतुक होतं.

दौलतरावांनी अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. चहा आला. गोडाऊनऐवजी इमारतीची कल्पना त्यांच्या मुलाची, निरंजनची. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. दौलतरावांनी चित्र हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"झ्याक हाय, मॅडम. पण ही तर संपली."

"संपली म्हणजे, काका?"

"म्हंजे झाली की पुरी. वाढणार कुठं हाय ही?"

"वर दोन मजले चढतील ना. सोय आहे."

"दिसत न्हाई."

"आण्णा, आतून केलीय सोय त्यांनी," निरंजन म्हणाला.

"आतून माझ्या पोटात बी लई काय काय हाय. लोकांना दिसाया नको? उद्या एखादं पोरगं जागा बघाया आलं, वर बघंल तर सपाट. म्हणंल, मोठं झालो की हितनं गाशा गुंडाळावा लागंल. त्यापरीस गोडाऊन बरं. खोक्यांना काय, मोठं व्हायचं नसतंय."

मी कप खाली ठेवला आणि चित्रातल्या सपाट गच्चीकडे पाहिलं.

तिकडे यशू मान मागे टाकून त्यांच्या घराकडे बघत होती. "आजी, तुमच्या घरावर काठ्या का आहेत? आणि त्यांना बाटल्या का घातल्यात?"

"काठ्या न्हाईत गं, सळया हायत," दौलतरावांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या. "अजून वर बांधायचं हाय ना! गंजू न्हाईत म्हणून बाटल्या. ह्यो निरंजन तुझ्याएवढा व्हता, तवा खालच्या मजल्यावर अशाच सळया ठिवल्या. त्याचं लगीन ठरलं, वरचा मजला चढला. आता ह्या त्याच्या पोरांसाठी. आमी तयार हाय, पोरांचाच पत्ता न्हाई."

निरंजन कपात बघायला लागला.

मी वर पाहिलं. मग शेजारच्या घराकडे, मग त्याच्या पलीकडच्या. एकूण एक गच्चीवर सळया उभ्या, कुठे बाटल्या घातलेल्या, कुठे वाळत घातलेली साडी. या कामासाठी कितीदा तरी याच रस्त्याने येत होते मी. अर्धवट कामं म्हणून नाक मुरडत होते. आणि इथं सगळं गाव वर बघून सांगत होतं, आमचं अजून व्हायचंय.

पेन्सिल काढली. त्या सुंदर चित्रावरच कठड्याच्या वर खांबांची टोकं काढली, चांगली छातीभर उंच. यशूच्या खडूपेटीतला पिवळा खडू माझ्या पर्समध्ये होताच. प्रत्येक टोकाला टोपी चढवली.

"काका, असं?"

"टोप्या कशाला?"

"गंजू नये म्हणून. बाटल्यांऐवजी."

सुभद्राबाई वाकून बघत म्हणाल्या, "बाटल्या बी चालल्या असत्या की. पोतंभर पडल्यात घरात. कशाच्या ते तेवढं इचारू नका."

"सरबताच्या हायत!" दौलतराव घाईने म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसत सुटलो. हसता हसता त्यांनी चित्र पुन्हा लांब धरलं.

"आता कशी वाढती दिसतीया. निरंजन, त्या गोडाऊनवाल्याला फोन लाव. न्हाई म्हण त्याला."

परतताना मी स्कूटीवर मोठमोठ्याने गात होते. सिग्नलला शेजारचा टेम्पोवाला वळून बघायला लागला तरी थांबले नाही. यशू मात्र प्रत्येक गच्चीकडे बोट दाखवत होती. "याचं वाढणारे. याचं पण. हे पण वाढणारे."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटी लावली. यशू उतरली आणि आमच्या बारा मजली इमारतीकडे, मधल्या कुठल्याशा मजल्यावरच्या आमच्या भाड्याच्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने माझा हात ओढला.

"आई, आपल्या घराच्या सळया कुठायत?"