एक चमचा तूप

तुपाच्या बाबतीत अनुसूयाबाई पक्क्या फौजदार होत्या. नवऱ्याची, गोपाळरावांची, बायपास झाली आणि त्याच आठवड्यात हिंदी मुलखात, प्रेम नगरातल्या त्यांच्या घरातून तुपाची बरणी शेजारणीकडे रवाना झाली. पुढची नऊ वर्षं पुरणपोळीवरसुद्धा दूधच. मानिक चौकात मिठाईवाल्यापाशी गोपाळराव जरा रेंगाळले की बाईंनी त्यांचं कोपर धरलंच. लोक हसायचे. पण त्या नऊ वर्षांत बाईंनी स्वतःही तूप तोंडात घातलं नाही, हे हसणाऱ्यांना कुठलं माहीत असायला!

होळीनंतर गोपाळरावांनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी मऊ भाताची ताटली पुढे आली तेव्हा ते म्हणाले, "अनू, आज एक चमचा तूप घाल ना."

"उद्या डॉक्टरांना विचारते, मग घालते," बाई म्हणाल्या.

त्यांनी हट्ट केला नाही. दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. पहाटे ते गेले.

तेव्हापासून सहा महिने बाईंच्या मनाला एकच घोर. आपण बरोबर केलं ना? मुलगी शाल्मली बंगळूरला. मराठी तिला कळायची, पण ती बोलायची तिथल्यासारखं हिंदीतच. "आई, आप बहुत सोचती हैं," एवढं म्हणून फोन ठेवायची. घरात दुसरं होतं कोण? शेवटी ब्लडप्रेशरचं निमित्त करून बाई हृदयाच्या एका नव्या डॉक्टरांकडे गेल्या. 'बरोबर केलंत' एवढे दोन शब्द त्यांना हवे होते.

तपासणी झाली. बाई उठल्या, पुन्हा बसल्या.

"डॉक्टर साहब, इनका बाईपास हुआ है। चावल पर घी माँगते हैं। एक चम्मच।" ते गेले, हे काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना.

डॉक्टर हसले. "देखिए आंटी जी, रोज़ कटोरी भर के घी, तला हुआ, वो नुक़सान करता है। आपका परहेज़ ठीक है। मगर एक चम्मच से क्या होना है? आज दे दीजिए। मन रह जाएगा उनका।"

"जी," बाई म्हणाल्या.

माणूस भला होता, त्याचा काय दोष! बाई फी देऊन बाहेर आल्या. कशाबशा त्या ई-रिक्षात बसल्या. शेजारणीकडे नुसता शब्द टाकला असता तर वाटीभर तूप मिळालं असतं, आणि आपण उद्यावर ढकललं. बाईंना रडू आवरेना.

"अहो, चुकलं हो माझं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "द्यायला हवं होतं मी."

रिक्षावाल्यानं मान वळवली. "कुछ कहा, अम्मा?"

"नहीं भैया," बाई म्हणाल्या, "तुमसे नहीं।"