गुरुजींच्या गाडीची पाण्याची टाकी

अच्छाडला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. गेल्या रविवारी मसोलीचे श्यामकांत गुरुजी आले, त्यांची जुनी गाडी घेऊन. चालवत होता जावई सुदर्शन, मागं गुरुजींची बायको, वसुमतीबाई. वापीला भाचीचा साखरपुडा होता. पुढच्या ट्रकनं काचेवर चिखल उडवलेला, आणि धुवायचं पाणी म्हाताऱ्यानं थुंकावं तसं बॉनेटवरच पडत होतं.

मला चौथीत गुरुजीच होते. पुढं मी शाळेला रामराम ठोकला, पण त्यांच्यापुढं अजून विडी ओढत नाय.

आधी फवाऱ्याच्या भोकात सुई घातली. दोनदा बरं उडालं, परत मेलं. मोटर घूंघूं करत होती, म्हणजे ती ठीक. मग टाकीच काढली नि उपडी केली. बुडाला पांढरा, लिबलिबीत गाळ. त्यानंच नळी चोंदलेली. आंबूस वास आला आणि माझं फाटकं तोंड बोलून गेलं, "ही तर ताडी."

नाक्यापलीकडं गुजरात, तिथं दारूबंदी. नाक्यावर डिकी बघतात, सीटखाली बघतात. काच धुवायची टाकी कोण बघतोय?

वसुमतीबाई खाली उतरल्या. कोणी नेली, एवढंच विचारलं. गुरुजी चपलांकडं बघत उभे. त्यांचं तोंड बघून मी समजलो. जावईपण समजला असणार, कारण तोच बोलला.

"मी, आई. मित्रांसाठी. गाडी मागून नेतो ना कधी कधी."

आमच्याकडं जावयाला वाकडं कोणी बोलत नाय. चहात साखर कमी पडली तर सासूच वरमते. पण बाई बोलल्या.

"लग्न ठरवताना ह्यांना विचारलं होतं मी, पोरगा कसा आहे. म्हणाले, अगदी माझ्यासारखा."

सुदर्शननं मान खाली घातली. मी टाकीत गरम पाणी ओतून खळखळवत बसलो. कुठं बघावं कळेना. मनात म्हणत होतो, गुरुजी, आता तरी बोला. मीच तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

मग गुरुजी बोलले, वर्गात पाठ न केलेलं पोर बोलतं तसं.

"वसू, त्याची नाही. माझी आहे. चिकू देऊन येतो म्हणून नाक्यापलीकडं भिलाडला जातो ना, तेव्हा ती नेतो."

बाई जावयापुढं गेल्या आणि भर रस्त्यावर हात जोडले. सुदर्शननं घाईघाईनं त्यांचे हात धरले. गुरुजींना ते बघवेना. ट्रकच्या रांगेकडं तोंड करून उभे राहिले, कान लालेलाल.

मी टाकी बसवली, नळीत हवा मारली, पाणी भरलं. बटण दाबायला आत कोणीतरी बसायला पाहिजे होतं, पण सांगू कोणाला? मीच बसलो. फवारा पार टपापर्यंत गेला. बघायला कोणी वळलं नाय.