जीपचं वायरिंग कोणी केलं?

जीप घेताना अविनाश सबनीसांनी घरात कोणालाही विचारलं नव्हतं. फौजेच्या लिलावात निघालेली, वीस वर्षं कुठल्याशा डोंगरात राबलेली ती पेट्रोल जीप एका शनिवारी ट्रॅक्टरमागे बांधून गाझियाबादच्या त्यांच्या नव्या सोसायटीत आली. अरुणाने चौथ्या मजल्यावरून खाली पाहिलं, तर नवरा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून असा उभा होता, जणू नवी नवरी उंबऱ्याशी आणली आहे आणि आता कोणीतरी माप ठेवायला यावं.

सोसायटी कालपरवाची. निम्म्या इमारतींना रंग नव्हता, रस्त्यांना दिवे नव्हते, पण घरोघरी केबल टीव्ही आला होता आणि प्रत्येकाला काहीतरी नवं घ्यायचं होतं. कोणी मारुती घेतली, कोणी वॉशिंग मशीन. तीस वर्षं सरकारी खात्यात फायली सरकवलेल्या अविनाशला पन्नाशीत चिखलातून आणि दगडांवरून गाडी हाकायची हौस सुटली. नोएडात कपड्यांची एक्स्पोर्ट कंपनी चालवणाऱ्या मेहरासाहेबांनी जीपवाल्यांचा एक क्लब काढला होता. अविनाशने त्यात नाव घातलं आणि मग जीप शोधली.

इंजिन आणि सांगाडा कुलवंतसिंग मिस्त्रीने दोन महिन्यांत ठणठणीत करून दिला. वायरिंगला मात्र त्याने हात जोडले. "साबजी, बिजली मेरा काम नहीं."

"त्यात काय एवढं!" अविनाश म्हणाला, आणि त्याने स्वतःच जोडणी केली. पुढे चार जादा दिवे, धुक्यासाठी दोन पिवळे, एक दणदणीत हॉर्न आणि एक कॅसेट प्लेअर. सगळं त्याने चावीच्या स्विचमागच्या एकाच वायरीला पिळून, वर काळी टेप गुंडाळून टाकलं.

पहिल्या फेरीला अरुणा आणि कॉलेजात जाणारी लेक कृतिका दोघी बसल्या. सोसायटीचं गेट ओलांडून दोनशे पावलं गेले असतील, अविनाशने कौतुकाने सगळे दिवे एकदम लावले. अरुणाचं नाक चाळवलं.

"अहो, थांबा."

"का?"

"वायर जळतेय. थांबवा आधी!"

डॅशबोर्डखालून धूर निघाला तेव्हा अरुणा उतरून, बॉनेट उघडून बॅटरीच्या तारेपर्यंत पोचलीसुद्धा होती. तिने ती उपटली आणि मग डॅशबोर्डखाली वाकून आत पाहिलं.

"हे वायरिंग आहे की वेणी?" ती म्हणाली.

अरुणाला हे बोलायचा अधिकार होता. चोवीस वर्षं ती दिल्लीच्या एका टेलिफोन एक्सचेंजमध्ये टेक्निशियन होती. हॉलभर रॅक, रॅकवर हजारो रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे बारके स्विच, आणि त्यांची दिवसभर चाललेली कटकट. त्या आवाजात एक जरी रिले अडखळला, तरी तिला बसल्या जागी कळायचं. तीन वर्षांपूर्वी नवं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आलं. ते फ्रिजसारखं गार आणि मुकं होतं. अरुणाला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, समोर कॉम्प्युटर ठेवला. तिने घरी कधी कुरकुर केली नाही. पण हात रिकामे राहिले की माणूस कसं होतं, ते तिला कळत होतं. घरातली इस्त्री, मिक्सर, शेजारणीचा गीझर, सगळं तिचं उघडून झालं होतं.

त्या दिवशी जीप ढकलत परत आणली. अरुणाने जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नकाशा काढायला घेतला.

"यातलं तू काही..." अविनाशने सुरुवात केली.

"तुम्ही गाडी चालवा," ती म्हणाली. "करंट मी चालवते."

पुढच्या शनिवारी कश्मीरी गेटच्या मोटारपार्ट्सच्या बाजारात तिने रिले मागितले, तेव्हा दुकानदाराला हसू आलं. "मॅडम, रिले क्या करेंगी? सीधा जोड़ दो. सब ऐसे ही करते हैं."

"धुआँ भी सबका ऐसे ही निकलता है," अरुणा म्हणाली. "छह रिले दीजिए. और मोटी वाली तार, पतली नहीं."

मग चार रविवार जीप सोसायटीच्या आवारात आणि अरुणा जीपच्या पोटाखाली. कृतिकाला तिने हाताशी घेतलं.

"बघ, दिव्याला करंट लागतो भरपूर. तो सगळा या एवढ्याशा स्विचमधून नेला, तर स्विच जळणार. म्हणून स्विचने नुसता निरोप द्यायचा. ओझं रिलेने उचलायचं, थेट बॅटरीकडून. आणि प्रत्येकाला आपापला फ्यूज. एकाने मान टाकली, तर बाकीच्यांनी का म्हणून मरायचं?"

"अच्छा, म्हणजे जॉइंट फॅमिली नाही. सगळे अलग-अलग फ्लॅटमध्ये," कृतिका म्हणाली.

"तसंच. आता त्या टोकाला पीळ दे, मी डाख लावते."

"काय लावतेस? डाग?"

"डाख. सोल्डरिंग गं!"

"तो फिर सोल्डरिंग बोल ना, यार!"

अरुणाने वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाणार, तिथे रबरी कडं बसवलं. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. प्रत्येक वायरीला पांढरी चिठ्ठी बांधली: "डावा पिवळा", "उजवा पिवळा", "भोंगा". आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर बॉनेटखाली रिले 'कट्' करून वाजला, तेव्हा ती क्षणभर तशीच बसून राहिली.

"काय झालं आई?"

"काही नाही. परत एकदा दाब."

जानेवारीत क्लबची पहिली सहल ठरली. हिंडन नदीच्या खादरात, म्हणजे काठच्या सखल चिखलात, सहा जीप जमणार होत्या. सकाळी नऊला इतकं धुकं होतं, की पुढच्या माणसाची नुसती टोपी दिसत होती. अविनाशच्या पिवळ्या दिव्यांमागे बाकीच्या गाड्या रांगेने काठापर्यंत आल्या. उतरल्याबरोबर मेहरासाहेबांनी कौतुकाने सबनीसांचं बॉनेट उघडायला लावलं.

"वाह! क्या सफाई है. किस से करवाया?"

अरुणा थर्मासमधून चहा ओतत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. अविनाशच्या भोवती पाचजण वाकून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या वस्तूकडे असं पाहत होतं.

"बस, घर पे ही किया," तो म्हणाला. "इतवार को, थोड़ा-थोड़ा."

"खुद?"

"हाँ... खुद ही."

कृतिकाने तोंड उघडलं. अरुणाने तिच्या हातात चहाचा पेला ठेवला आणि मानेनेच नको म्हटलं. राग आला नाही असं नाही. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं. तिने बिस्किटांचा पुडा फोडला आणि तो जरा जास्तच जोरात फोडला.

पाण्यात पहिली गाडी मेहरासाहेबांची. नवी कोरी जीप, टपावर आठ दिवे, पुढे लोखंडी दोर गुंडाळणारी विजेची विंच. गुडघाभर पाण्यात मधोमध गेली, एक दगड चढून धाडकन उतरली आणि बंद पडली. त्याच क्षणी तिचा हॉर्न वाजू लागला. कोणीही न दाबता! एकसारखा, ठार बहिरं करणारा. पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशी धुक्यातून पुढे आल्या आणि ओळीने उभ्या राहून बघू लागल्या.

मेहरासाहेबांनी चावी फिरवली. इंजिन जागचं हललंदेखील नाही. दुसऱ्या जीपने दोर लावून ओढायचा प्रयत्न केला, तर तिचीच चाकं चिखलात फिरू लागली. विंच चालवायची, तर इंजिन चालू नसताना बॅटरी किती पुरणार, याची कोणाला खात्री नव्हती. मेहरासाहेब सीटवरून बाहेर वाकून काठाकडे ओरडले, "सबनीसजी! आप आइए! आप तो वायरिंग के उस्ताद हैं!"

अविनाश पँट वर करून पाण्यात उतरला. दोन पावलं गेला आणि थांबला. धुक्यातही अरुणाला त्याचे कान लाल झालेले दिसले.

"मैंने नहीं किया!" तो म्हणाला.

"क्या?" हॉर्नमुळे मेहरासाहेबांना ऐकू येईना.

"वायरिंग मैंने नहीं किया!"

"क्या बोल रहे हैं?"

अविनाशने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या खादराला ऐकू जाईल असा ओरडला, "झूठ बोला था! मेरी बीवी ने किया है! सब उसी ने किया है!"

काठावरच्या सगळ्या माना अरुणाकडे वळल्या. म्हशींच्याही, असं कृतिका पुढे बरेच दिवस सांगत असे.

अरुणाने चपला काढल्या, सलवार गुडघ्यावर खोचली आणि आपली हत्यारांची पिशवी डोक्यावर धरून पाण्यात शिरली. पाणी असं गार, की पायाची बोटं आहेत की गेली, ते कळेना. भीतीही वाटत होती. आपली जीप तिला वायर न् वायर पाठ होती. ही परकी, आणि बघायला बारा माणसं. अविनाशने हात पुढे केला. तिने तो धरला.

"दोनदा बोलायला लागलं ना?" ती म्हणाली.

"तीनदा," तो म्हणाला.

बंपरवर चढून तिने बॉनेट उघडलं. पिशवीतून दोन तारा जोडलेला छोटा दिवा काढला. बॅटरीशी टेकवला, पेटला. पुढे फ्यूजच्या अलीकडे पेटला. पलीकडे विझलेला. म्हणजे फ्यूज उडालाय. पण का उडाला? आणि हॉर्न का बोंबलतोय? तिने डोळे मिटले. एक्सचेंजमध्येही असंच असायचं. दोन तक्रारी एकदम आल्या, की त्या दोघी भेटतात कुठे, ते आधी बघायचं.

वायरींच्या जुडग्यावरून तिने बोट फिरवत नेलं. जिथे ते पत्र्याच्या भोकातून आत जात होतं, तिथे बोट थांबलं. भोकाची कड सुरीसारखी होती आणि तिथे रबर नव्हतं. दगडावरच्या धक्क्याने दोन वायरी सोलवटून पत्र्याला चिकटल्या होत्या. एक हॉर्नच्या बटणाची, एक इंजिनाला करंट देणारी.

तिने जुडगं मागे ओढलं आणि हॉर्न थांबला.

इतकी शांतता झाली, की कोणाच्या तरी हातातल्या चहाचा घोट ऐकू आला.

दोन्ही वायरींना टेप, भोकाच्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मग नवा फ्यूज. विंचला बॅटरी पुरावी म्हणून टपावरच्या आठ दिव्यांची तार तिने सरळ सोडवून मेहरासाहेबांच्या हातात दिली. "ये आज नहीं जलेंगी."

"जी," मेहरासाहेब म्हणाले.

"अब चाबी घुमाइए."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पलीकडच्या काठावरच्या बाभळीला दोर बांधला, विंच कण्हत कण्हत फिरली आणि जीप पाण्यातून चिखल ओरपत वर आली. टाळ्या वाजल्या. अविनाश सर्वांत जास्त वाजवत होता आणि शेजारच्या माणसाला अकारण सांगत होता, "सत्ताईस साल से टेलिफोन में है, साहब."

परतताना अरुणाचे पाय त्याच्या मफलरात गुंडाळलेले होते. पक्का रस्ता लागल्यावर अविनाशने गाडी सावकाश घेतली. मग म्हणाला, "सकाळीच सांगायला हवं होतं मी."

"हवं होतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "भूक लागलीय. समोसे मिळतील कुठे?"

पुढच्या रविवारी मेहरासाहेबांची जीप सोसायटीत आली, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोन. अरुणाने अट घातली, की ती काम करताना कोणी मध्ये बोलायचं नाही, आणि कुलवंतसिंग आता स्टुलावर बसून मुकाट्याने तिच्या वायरी धरू लागला. फेब्रुवारीत एकदा महाराष्ट्र मंडळाच्या दोघीजणी हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आल्या. आवारात अविनाश चिठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरात "विंच", "मागचा दिवा" असं लिहीत बसला होता.

"अरुणाताई आहेत का घरी?"

अविनाशने पेनाने शेजारच्या जीपकडे खूण केली. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

"या या!" जीपखालून आवाज आला. "कुंकू लावायचं असेल, तर दोन मिनिटं थांबावं लागेल. हात काळे आहेत."