असू दे तुझ्यापाशी

भाषावर्गाच्या बाई त्या यंत्रावर पहिल्यापासून खार खाऊन होत्या. पस्तीस वर्षं खडू झिजवून त्यांनी परकी भाषा शिकवली, आणि आता संस्थेचं फर्मान आलं की परक्यांच्या रीतीभाती कळाव्यात म्हणून मुलांना परक्या माणसाची भूमिका करणाऱ्या एआयशी बोलायला बसवा. बसवू म्हणाल्या, पण प्रसंग मी देणार. आणि मुलांना सांगून दिला तो स्वतःच्याच आयुष्यातला.

बाविसाव्या वर्षी बाई त्या भाषेच्या देशात शिकायला गेल्या आणि एका म्हाताऱ्या विधवेकडे भाड्याने राहिल्या. माहेरी दहा माणसं. तिथे दार लावून बसायचं ते फक्त रुसल्यावर. ही घरमालकीण मात्र रोज संध्याकाळी येऊन बाईंच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायची. बाई उघडायच्या, ती लावायची. बोलणं गोड, जेवण वेळेवर, पण दार बंद. वर्षभर उशी भिजवून बाईंनी शेवटी दुसरी खोली पाहिली.

आज वर्गात यंत्र घरमालकीण झालं होतं. समोर बसली नर्स म्हणून परदेशी निघालेली एक फटकळ पोरगी. तिने सरळ लिहिलं, "माझं काही चुकलं का? रोज दार का लावता?"

"चुकलं कुठे?" पडद्यावर उत्तर उमटलं. "माझ्या रेडिओचा तुला त्रास नको. आणि दाराआडची खोली तुझी. तिथे मीही विचारल्याशिवाय येणार नाही."

"वाचलंत?" पोरगी हसली. "उगाच गैरसमज."

"ते यंत्र आहे," बाई म्हणाल्या. "त्याला काय माहीत. खरं कारण त्या माणसालाच विचारायचं असतं."

"मग तुम्ही विचारलंत, बाई?"

"नाही गं. मोठ्यांना असं विचारायचं नसतं, असंच शिकलो आम्ही."

वर्ग सुटला तरी बाई बसून राहिल्या. रेडिओ खरंच होता. स्वयंपाकघरातला, जुना, खरखरणारा. आणि चहा घेऊन आली की म्हातारी दारावर दोनदा टकटक करायची, उत्तर येईपर्यंत कप धरून उभी राहायची. त्या घरातला मेणाचा वास, करकरणारा जिना, सगळं एकदम आठवलं.

वर्गातलं कपाट लावायला त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक किल्ली अशी होती, की जिचं कुलूप इथे नव्हतंच. म्हातारीचं घर सोडून निघायच्या दिवशी त्यांनी ती परत द्यायला हात पुढे केला होता. म्हातारीने घेतली नाही. "असू दे तुझ्यापाशी," एवढंच म्हणून ती आत वळली. हातातून किल्लीसुद्धा घेत नाही, एवढा राग, असं तेव्हा बाईंना वाटलं, आणि तिच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हातारी जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

रागावलेलं माणूस कधी आपल्या घराची किल्ली देतं का? बाई ती मुठीत धरून पोरीसारख्या रडल्या. कपाट तसंच उघडं राहिलं.