सात पिढ्यांत न्हाई

मेथी उपटावी सुंदराबाईनं आणि जुडी बांधावी तीही सुंदराबाईनंच. बाकीच्यांनी नुसतं बघावं आणि बोलणी खावीत, अशी धानोरीच्या त्या दोन एकरांतली रीत होती. सकाळी ऊन अजून समोरच्या टॉवरच्या टाकीमागं असायचं, तेव्हाच ती वाफ्याच्या कडेला बसायची. मूठभर मेथी धरायची, मुळांची माती एका झटक्यात उडवायची, केळीच्या सोपटाचा बंद फिरवायची आणि जुडी बाजूला भिरकावायची. सत्तरी गाठलेली बाई, पण तिनं मारलेली गाठ टॉवरमधल्या बायकांना सुरीशिवाय सुटत नसे. आपल्याला जे येतं ते ज्याला येत नाही तो माणूस बिनकामाचा, असं तिचं मत होतं. त्या मतानं बघितलं तर जगात कामाचं माणूस एकच उरत होतं.

त्या दिवशी तिच्या शेजारी नात बसली होती. मुक्ताई, अकरा वर्षांची. पोरीनं मेथी मुठीत धरली, बंद फिरवला आणि गाठ मारायच्या आत सगळी जुडी तिच्या मांडीवर सांडली. पुन्हा गोळा केली, पुन्हा सांडली. तिची बोटं एकसारखी थरथरत होती.

"काय गं हे? जुडी बांधतीस का चिमण्यांना चारा टाकतीस?"

"आज्जे, हा... हात..." मुक्ताईचे शब्द तोंडातच घोळत होते. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती तिनं खांद्याला पुसली.

"हाताला काय धाड भरलीया? दोन वर्सांखाली पाटीभर जुड्या बांधायचीस. शाळा शिकली आन् हाताला मेंदी लावून बसली म्हाराणी!"

मुक्ताईची आई, आनंदी, पलीकडच्या वाफ्यातून उठून आली. "आत्या, तिला खरंच जमत न्हाई वो. तिची वही बघा. पयलं अक्षर मोत्यावानी हुतं, आता कोंबडीनं उकरल्यागत दिसतंय. दवाखान्यात दावाया पायजे."

"दवाखाना! ह्ये तुझ्या आईकडचं वळन हाय. तीबी कामाची येळ आली की हात थरथरल्याचं सोंग करायची."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आनंदी ही सुंदराबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची पोरगी करायची म्हणून आपल्या मुलासाठी, महिपतीसाठी, सुंदराबाईनंच ती हौसेनं आणली होती. त्यामुळे सुनेच्या माहेराचा उद्धार करायचा तर फार जपून करावा लागे. भाऊ वगळायचा, आपला बाप वगळायचा आणि उरलेलं सगळं भावजयीच्या डोक्यावर थापायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यात सुंदराबाईचा नेम कधी चुकला नव्हता.

तेवढ्यात टॉवरमधली भाग्यश्री मॅडम भाजीला आली. ती संगणकाच्या कंपनीत होती आणि गळ्यात कंपनीचा पट्टा घालूनच मेथी निवडायची. पण आज तिची नजर मेथीवर नव्हती. बांधावरच्या दगडावर सुंदराबाईचा तांब्याचा हंडा होता, तो उन्हात लखलखत होता.

"आजी, काय अँटिक पीस आहे हो! मला द्याल? हॉलमध्ये ठेवीन."

"आमी त्यातलं पानी पितो, बाई. तुमच्यावानी शोभेला ठेवत न्हाई. माझ्या बापानं तांबट आळीतनं समोर बसून ठोकून घेतलाय, माझ्या लग्नात. तुमची पिलास्टिकची बाटली पाच वर्सं तरी टिकंल का?"

भाग्यश्री हसली आणि जुडी घेऊन कंपनीच्या बसकडं पळाली. "पानी कशात प्यावं ह्ये कळंना, आन् ह्ये चालले जग चालवाया," असं म्हणून सुंदराबाईनं पुढची जुडी बांधायला घेतली.

शेवटी आनंदीनं हट्ट धरला आणि दवाखाने सुरू झाले. महिपती हा गरीब गायीच्या जातीचा माणूस. आई म्हणेल ते खरं, बायको म्हणेल तेही खरं, आणि दोघी एकदम बोलल्या की पाण्याच्या मोटारीची खोली बघायला निघून जायचा. पण पोरीसाठी तो फिरला. पहिल्या डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं. दुसऱ्यानं अभ्यासाचा ताण आहे म्हणून शाळा बदलायला सांगितली. तिसरे नसांचे मोठे डॉक्टर होते, विश्रांतवाडीला. त्यांनी पोरीला चालवलं, बोलवलं, हात पुढे धरायला लावले आणि विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं का? काका, आत्या, आजीची भावंडं, कोणालाही?"

महिपतीनं आईकडं बघितलं.

"न्हाई," सुंदराबाई म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत न्हाई असलं."

हे ती इतक्या ठसक्यात बोलली की डॉक्टरांनी पुढं विचारलंच नाही. मनाचा आजार असावा, असं लिहून त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

आणि सुंदराबाई तर धडधडीत खोटं बोलली होती. तिला एक धाकटी बहीण होती, शकू. बाराव्या वर्षी शकूचे हात असेच थरथरू लागले, जीभ अशीच जड झाली, लाळ अशीच गळू लागली. गावानं तिला येडी ठरवलं. बापानं तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं, कारण सुंदराबाईला बघायला पाहुणे येणार होते. सुंदराबाईच तिला ताट नेऊन द्यायची आणि सांडलं की म्हणायची, "सोंग करतीस काय गं, येडे?" चौदाव्या वर्षी शकू गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. धाकट्या भावंडांची लग्नं व्हायची होती, मग त्यांच्या मुलांची, आणि अशा घरात पोरगी कोण देतो? भाऊ तर तेव्हा रांगत होता; त्याला अशी बहीण होती हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

मुक्ताईची पहिली जुडी सुटली, त्याच दिवशी सुंदराबाईला शकू दिसली होती. ती भ्याली होती. आणि भ्याली की तिची जीभ जास्त चालायची, हा तिचा जन्माचा स्वभाव होता.

डॉक्टर हरले म्हटल्यावर सुंदराबाईनं कचरू भगताला आणलं. त्यानं लिंबू कापलं, राख उधळली, घराच्या चारी कोपऱ्यांत डोकावला आणि शेवटी त्याचे डोळे हंड्यावर थांबले.

"घरात येवढी दौलत आन् तुमी बाहेर हिंडताय?" तो म्हणाला. "तांबं म्हंजी सूर्याचा धातू. रोज रातभर हंड्यात पानी ठिवायचं आन् पोरीला अनशापोटी तांब्याभर पाजायचं. बाधा आपसूक पळंल."

सुंदराबाईची छाती फुगली. कचरूसुद्धा तिच्या मते बिनकामाचाच होता. पण तिच्या हंड्याचा मान राखणारा पहिला शहाणा तोच भेटला. दुसऱ्या दिवसापासून तिनं हे काम स्वतःकडं घेतलं. चिंचेनं हंडा घासायचा, संध्याकाळी भरायचा, सकाळी पोरीला उठवून पाणी पाजायचं. मुक्ताई तोंड फिरवायची, तर ही हनुवटी धरून पाजायची. सुनेवर सोडलं असतं तर एखादा दिवस चुकला असता. सुंदराबाईनं आठ महिन्यांत एकही चुकवला नाही.

आठ महिन्यांत पोरीला हातानं जेवता येईना. चालता चालता पडायला लागली. बोलणं तर फक्त आनंदीलाच कळायचं.

मग शाळेत डोळे तपासायचं शिबिर झालं. तिथली तरुण डॉक्टरीण मुक्ताईच्या डोळ्यांत यंत्रातून फार वेळ बघत राहिली आणि बाहेर येऊन आनंदीला म्हणाली, "बुबुळाच्या कडेनं कडं आहे, तपकिरी. आजच मोठ्या हॉस्पिटलला जा. उद्या नाही, आज." तिनं चिठ्ठीही लिहून दिली.

मोठ्या हॉस्पिटलात रक्त, लघवी, पोटाची तपासणी सगळं झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. मुक्ताई आईच्या खांद्यावर रेलली होती.

"आजार दुर्मिळ आहे, पण त्याला औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "आपण जे खातो-पितो त्यात थोडं तांबं असतं. जास्तीचं तांबं शरीर बाहेर टाकतं. हिच्या शरीरात ती सोय जन्मापासून नाही. ते आधी यकृतात साठलं, मग मेंदूत. घरी पाणी कशात पिता?"

महिपतीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"तांब्याच्या हंड्यात," शेवटी आनंदी म्हणाली. "सकाळी हिला तांब्याभर येगळं. आठ म्हयनं. औषिद म्हनून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हंड्यानं आजार झाला नाही. पण आगीत रोज तेल ओतलंत आपण. आणि हा आजार आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. आपण नात्यातले का? मग आधीच्या पिढीत कोणी?"

"मी मामाची पोरगी केलीया," महिपती म्हणाला. "पर आमच्यात कुनी..."

"शकू," सुंदराबाई म्हणाली.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव निघालं. आवाज इतका बारीक होता की महिपतीला वाटलं, पाणी मागतेय. मग तिनं सगळं सांगितलं. हात, लाळ, गोठ्याशेजारची खोली. तिथं नेलेलं पाणी त्याच घरातल्या तांब्याच्या घागरीतलं होतं, हेही सांगितलं.

"हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर आनंदीनं पदर खोचला आणि सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला. "आत्या, ह्ये तुमच्या बापाच्या घरातनं आलं. चौदा वर्सं माझ्या आईला बोललासा. तिचं घर चांगलं हुतं. नासकं आपलं हुतं, तुमचं आन् माझं." मग ती पोरीला घेऊन पुढं चालायला लागली.

औषध मिळता मिळेना. महिपतीच्या गाडीवर मागं बसून सुंदराबाईही फिरली. नको म्हटलं तरी बसली. विश्रांतवाडीपासून कर्वेनगरापर्यंत दुकानदारांनी चिठ्ठी वाचून परत दिली. शेवटी पेठेतल्या एका जुन्या दुकानात चष्मेवाला मालक गल्ल्यावर पेपर वाचत बसला होता.

"नाही," तो म्हणाला.

"कधी यील?" महिपतीनं विचारलं.

"आम्ही मागवत नाही, त्यामुळे येणार नाही."

"का मागवत न्हाई?" सुंदराबाई कडाडली. "दुकान औषिदाचं हाय का पेपर वाचायचं?"

मालकानं चष्म्यावरून बघितलं. "आजी, पंधरा वर्षांत हे औषध मागणारे आपण दुसरे. पहिले परत आले नाहीत."

सुंदराबाई दुकानाच्या पायरीवर बसली. तिला ते पहिले कोण हे विचारायचं धाडस झालं नाही. मालकानं पेपर बाजूला ठेवला. मग त्यानं फोन उचलला, कुणाशी तरी चार शब्द बोलला आणि चिठ्ठीवर शिक्का मारला. "मुंबईहून येईल. गुरुवारी. अकराच्या आधी येऊ नका, गर्दी असते." दुकानात त्या दोघांशिवाय माणूस नव्हतं.

औषध अनशापोटीच घ्यायचं होतं, जन्मभर. ज्या वेळेला सुंदराबाई हंड्यातलं पाणी पाजायची, त्याच वेळेला आता ती स्टीलच्या पेल्यातून गोळी द्यायची. मुक्ताई गोळी घ्यायची आणि तोंड फिरवायची. पहिले दोन महिने पोरीचं दुखणं वाढलंच. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं. मग हळूहळू पडणं थांबलं. चमचा धरता यायला लागला. थरथर कमी झाली. आईशी, बापाशी तुटक का होईना बोलायची. आजीशी मात्र एक अक्षर नाही. तिला बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं, हे सुंदराबाईला कळत नव्हतं आणि विचारायची छाती होत नव्हती.

हंडा तिनं टाकला नाही. फेकून द्यायलाही काही लायकी लागते, ती आपली नाही, असं म्हणाली. त्यातलं पाणी ती मेथीवर शिंपडायची, जुड्या ताज्या राहाव्यात म्हणून.

वर्ष उलटलं. एका सकाळी मुक्ताई वाफ्याच्या कडेला येऊन बसली आणि न विचारता मेथी ओढली. सुंदराबाई बघत होती, पण तिनं तोंड उघडलं नाही. दातांवर दात दाबून बसली. पोरीनं बंद फिरवला, सुटला. पुन्हा फिरवला. गाठ बसली. जुडी वाकडी होती, एका बाजूला फुगलेली.

तेवढ्यात भाग्यश्री मॅडम आली. सुंदराबाई हंड्यात हात बुडवून जुड्यांवर पाणी मारत होती ते बघून ती कळवळली. "अहो आजी, काय करताय? एवढा सुंदर हंडा आणि भाजीला? तांब्यातलं पाणी प्यायचं असतं! टीव्हीवर रोज सांगतात. तुम्हाला माहीत नाही?"

सुंदराबाईच्या ओठांवर काहीतरी आलं. ते बाहेर पडायच्या आत मुक्ताई बोलली. सावकाश, एकेक शब्द नीट उचलून ठेवल्यासारखा.

"आमच्या आज्जीला समदं म्हाईत असतंय, मॅडम. सांगत न्हाई, येवढंच."

आनंदीचा विळा हातातच थांबला. भाग्यश्रीला काही कळलं नाही, ती कसंनुसं हसली. सुंदराबाईनं मान खाली घातली. नातीची वाकडी जुडी उचलली, दोन्ही हातांनी धरली, पण सोडून पुन्हा बांधली नाही. तशीच ढिगाच्या वर ठेवली. डोळे पदराला लावले आणि सुनेकडं न बघताच म्हणाली,

"ऐकलंस का गं, आनंदे? येक बी शबूद अडला न्हाई."